हातातली तीन खल्लास

धनश्रीची सुपारी फुटली ती दिवाळीच्या आधी, आणि दिवाळी सरता सरता तिची पाठ धरली. आधी मलम झालं, मग शेजारच्या काकूंची मालिश झाली. एका सकाळी तिला न्हाणीतून बाहेर येता येईना, तेव्हा भाऊ योगेंद्र तिला रिक्षात आडवी घालून दवाखान्यात घेऊन गेला. फोटो निघाले. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि मणक्याचा टीबी आहे म्हणून सांगितलं. बरा होतो, पण गोळ्या वर्ष-दीड वर्ष चुकवायच्या नाहीत, आणि आम्ही सांगेपर्यंत पलंगावरून उठायचं नाही.

प्लेगच्या सालात निम्मं सुरत गाव सोडून पळालं होतं. ही माणसं तेव्हाही पांडेसऱ्यातली आपली दोन खोल्यांची जागा सोडून हलली नव्हती. धनश्रीच्या टीबीनं मात्र घर मुळातून हाललं. वडील भाईदास डाइंग मिलमध्ये मशीनवर होते. संध्याकाळी ते कधी निळ्या, कधी राणी रंगाच्या बोटांनी घरी येत आणि पोरीच्या पलंगाशी नुसते उभे राहत. आई सरलाबाई घरबसल्या साड्यांवर टिकल्या चिकटवायची. तिनं आपलं काम पलंगाच्या पायथ्याशी आणलं. हातात गोंदाची नळी आणि डोळे पोरीवर, असा तिचा दिवस जाई.

योगेंद्र रिंगरोडवर एका डिझाइन स्टुडिओत साड्यांची फुलं काढायचा. त्याच्या शेठचा भाचा अमेरिकेहून आला होता. जाताना तो बुटाच्या खोक्यात भरलेले रंगीत पत्ते स्टुडिओतच टाकून गेला. एकेका पत्त्यावर चित्र, खाली बारीक इंग्रजी. योगेंद्रनं ते चित्रांसाठी घरी आणले. पण धनश्री छताकडे बघून बघून कंटाळली होती. तिनं शब्दकोश मागवला, आणि दोघांनी मिळून एकेक पत्ता लावत आख्खा खेळ समजून घेतला.

खेळ असा होता. दोघांकडे आपापली गड्डी. तिच्यात थोडी जमिनीची पानं, थोडी जनावरांची, थोडी मंत्रांची. जमीन मांडायची, तिच्या बळावर जनावर उतरवायचं, जनावरानं समोरच्यावर चाल करायची. प्रत्येकाचे वीस प्राण. ज्याचे संपले तो हरला. मंत्रांत दोन जाती फार कामाच्या होत्या. एक मंत्र समोरच्याचं मांडलेलं जनावर सरळ मेलेल्यांच्या ढिगात पाठवायचा. योगेंद्रनं त्याचं नाव ठेवलं ‘खल्लास’. दुसरा समोरच्याला त्याच्या हातातली पानं, अजून खेळायची राहिलेली, टाकून द्यायला लावायचा. तो ‘टाक’.

धनश्रीला जनावरंच आवडायची. त्यातलं एक होतं गलेलठ्ठ, हिरवट, दोन्ही बाजूंना झुपकेदार मिशा असलेलं. त्याला तिनं नाव दिलं दगामामा, कारण त्यांच्या सख्ख्या दगामामाच्या मिशा अगदी तशाच होत्या. दगामामा एकदा उतरला की खेळ आपलाच, असं ती म्हणायची.

तिला कुशीवर पडून खेळावं लागे. पत्ते हातात धरून हात भरून यायचा, म्हणून योगेंद्रनं स्टुडिओतल्या मोडक्या फ्रेमची पट्टी आणली, तिच्यात करवतीनं खाच पाडली. त्या खाचेत तिचे पत्ते उभे राहायचे. दुपारची वेळ त्याला मोकळी नसे, पण संध्याकाळी सहाला तो घरी आला की चहाचा कप हातात घेऊनच पलंगाशी बसायचा.

“जुगार शिकाडी राहिना का बहीनले?” सरलाबाई आपल्या अहिराणीत म्हणायची.

“पैसे नाहीत यात, माय.”

“पैसा नही तं खेळतस कसाले?”

पण ती हटकायची नाही. खेळताना पोर हसायची, आणि हसली की दोन घास जास्त खायची.

मधूनमधून धनश्री विचारायची, “अमळनेरहून काही कळलं का?”

किसन, तिचा होणारा नवरा, अमळनेरचा. सुपारीच्या आधी दोनदा घरी येऊन गेला होता. दुसऱ्या वेळी गॅलरीत दोघांना पाच मिनिटं बोलायला मिळालं, तेव्हा त्यानं तिला विचारलं होतं, तुम्हाला काय आवडतं? आजवर हे कुणीच विचारलेलं नसल्यानं तिला उत्तर सुचलं नव्हतं.

सरलाबाई टिकल्यांवरून मान वर न करता सांगायची, “निंबाआप्पा भेटना व्हता. किसननी इचारं, तब्येत कशी शे म्हने. डाळिंब खात जाय म्हने.” निंबाआप्पानं हे स्थळ जुळवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी घरात डाळिंबं यायची. किसननं सांगितलंय म्हणून धनश्री एकही दाणा वाया जाऊ देत नसे.

खरी गोष्ट अशी की निंबाआप्पा एकदाच येऊन गेला होता, तिच्या आजाराची बातमी अमळनेरला पोचल्यावर लगेच. खालीच, जिन्यापाशी उभं राहून त्यानं भाईदासांना सांगितलं, की त्या लोकांनी नाही म्हटलंय. पोरगी वाईट नाही, पण मणक्याचं दुखणं आहे, उद्या लेकरंबाळं कशी होतील. भाईदासांनी वर येऊन ते सरलाबाईच्या कानावर घातलं. तिनं योगेंद्रला चुलीपाशी ओढून दबक्या आवाजात सांगितलं, “पोरले आत्ते काहीच सांगू नको. पहिले बरी व्हऊ दे तिले.”

योगेंद्रनं मान हलवली. त्या दिवसापासून तो खेळात हरायला लागला.

धनश्रीला आधी मौज वाटली. दगामामा उतरायचा आणि बिनधास्त चालून जायचा. योगेंद्र कपाळाला हात लावायचा. “पत्तेच येत नाहीत, काय करू!” पण ती पलंगावर पडून दिवसभर त्याच पत्त्यांचा विचार करायची. भावाच्या गड्डीत खल्लास किती आहेत हे तिला माहीत होतं. दोघांनी मिळूनच तर वाटणी केली होती. आणि योगेंद्रच तिला सांगायचा, “नुसती जनावरं भरून गड्डी होत नाही. समोरच्याचं उचलायला काहीतरी पाहिजे, त्याच्या हातातलं पाडायला काहीतरी पाहिजे. नाहीतर तुला वाटतं जिंकतोय, आणि त्याच्या हातात काय आहे ते तुला कधी कळतच नाही.”

टाक हा मंत्र तिला दुष्ट वाटायचा. मांडलेलं मारलं तर ठीक, पण माणसानं पुढच्यासाठी जपून धरलेलं काढून घ्यायचं? म्हणून तिनं ते पत्ते गड्डीबाहेर ठेवले होते. त्या आठवड्यात तिनं दगामामाचे दोन भाऊबंद काढले आणि दोन टाक आत घातले. योगेंद्रला सांगितलं नाही.

रविवार होता. संक्रांत जवळ आलेली, आजूबाजूच्या घरांच्या धाब्यांवर पोरं पतंग काटून ‘काप्यो छे’ म्हणून ओरडत होती. भाईदास बाजारात गेले होते. सरलाबाई आत भाकरी थापत होती. धनश्रीनं दगामामा उतरवला, एकदा चाल केली, आणि पुढच्या खेपेला एक काळसर पत्ता पलंगावर ठेवला.

“टाक,” ती म्हणाली. “सगळा हात.”

योगेंद्रनं पत्ता उचलून पाहिला. “हा कुठून आला?”

“माझ्याच वाटणीतला आहे. टाक ना.”

“आधी ही जमीन मांडतो मग…”

“भाऊ, आता माझी खेप आहे. टाक.”

त्यानं हातातले पत्ते पालथे ठेवायला घेतले. धनश्रीनं पडल्या पडल्या हात लांब केला आणि ते सुलटे केले. एक जमीन होती. बाकी तीन खल्लास.

तिनं ते तिन्ही बोटानं वेगळे केले. “जमीन पुरेशी होती तुझ्याकडे. दगामामाला केव्हाच उडवता आलं असतं.”

“लक्षात नाही आलं.”

“तिन्ही लक्षात नाही आले?”

योगेंद्रनं पत्ते गोळा करायला घेतले.

“रोज असंच करतोस ना? मी आजारी म्हणून?” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “मला वाटायचं एवढी एक गोष्ट तरी मला येते.”

“येतेच तुला. चांगली येते.”

“मग मार की माझं जनावर! मी काय एका पत्त्यानं मरणार आहे?” ती थांबली. भाऊ खाली मान घालून चादरीचा दोरा ओढत होता. लहानपणी काही फोडलं, सांडलं, की तो असाच बसायचा. धनश्रीनं तो दोरा त्याच्या बोटांतून सोडवला. “भाऊ, अजून काय धरून बसलायस?”

“काही नाही.”

“माझ्याकडं बघून सांग.”

त्यानं बघितलं आणि त्याचे डोळे भरले. मग त्याला लपवता आलं नाही. जिन्यापाशी निंबाआप्पा काय बोलला, मायनं काय सांगितलं, सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं. धनश्री छताकडे बघत ऐकत होती. एक कापलेला पतंग गॅलरीच्या गजात अडकून फडफडत होता, तेवढाच काय तो आवाज.

“म्हणजे दिवाळीनंतर लगेचच,” ती म्हणाली.

“हो.”

“मग ते तब्येत विचारायचे, ते खोटं?”

योगेंद्रनं मान हलवली.

“आणि डाळिंबं?”

“मायनंच. मनानंच. तिला वाटलं, तू तेवढ्यानं खाशील.”

तेव्हा धनश्री रडली. पाठीला पट्टा असल्यानं तिला हुंदकाही धड देता येईना, नुसतं पाणी कानांकडे वाहत राहिलं. योगेंद्र तिचा हात धरून बसला. सरलाबाई पिठाच्या हातांनी दारात आली. पोराच्या तोंडाकडे पाहूनच तिला कळलं.

“सांगं का तू?” ती योगेंद्रवर ओरडली. “तुले सांगेल व्हतं ना मी!”

“माय, त्याला बोलू नको,” धनश्री म्हणाली. “मीच काढून घेतलं त्याच्याकडून. इकडं ये.”

सरलाबाई पलंगाशी येऊन उभी राहिली. पिठाचे हात तिनं पदराला पुसले, पुन्हा पुसले.

“तुझे निरोप फार चांगले असायचे गं,” धनश्री म्हणाली. “त्याला स्वतःला एवढं सुचलं नसतं.”

सरलाबाई मटकन पलंगावर बसली आणि पोरीच्या पोटावर डोकं ठेवून रडायला लागली. धनश्री तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. आत तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा योगेंद्रच उठून गेला.

संध्याकाळी भाईदास बाजारातून आले. धनश्रीनं बोटातली सुपारीची अंगठी काढून त्यांच्या हातात दिली. “आबा, निंबाआप्पांकडे द्या,” एवढंच म्हणाली. भाईदासांनी अंगठी खिशात टाकली आणि जवळ बसून तिच्या तळव्याला तेल चोळून दिलं. असं त्यांनी ती चालायला लागल्यापासून केलं नव्हतं.

पुढचे काही दिवस ती खेळली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग एका संध्याकाळी तिनंच खोकं मागितलं, आणि योगेंद्रला बजावलं, “आता दया केलीस तर पत्ते गॅलरीखालच्या खाडीत फेकून देईन.”

त्यानं दया केली नाही. दगामामा उतरला की खल्लास. पुन्हा उतरला, पुन्हा खल्लास. धनश्री हरत गेली, चिडत गेली. एका संध्याकाळी तर रागानं त्याला चिमटा काढला. पण दिवसभर तिचं डोकं चालू असे. आधी टाक खेळून त्याच्या हातातले खल्लास पाडायचे, मगच मोठं जनावर उतरवायचं. हातात टाक नसेल तर एखादं फुटकळ जनावर पुढं करायचं, त्याला त्याच्यावर खल्लास खर्च करू द्यायचा. शिकवायला कुणी नव्हतं. हरून हरून तिला ते कळलं.

दरम्यान होळी आली. डॉक्टरांनी नवे फोटो पाहिले आणि पट्टा घालून हळूहळू उभं राहायला हरकत नाही म्हणाले. घरच्यांना आनंद झाला, पण धनश्री उठेना. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायची, जमिनीला तळवे टेकवायची, आणि घामाघूम होऊन परत आडवी व्हायची. पाठीत काहीतरी मोडेल अशी भीतीच बसली होती. सरलाबाई एका बाजूनं धरायची, योगेंद्र दुसऱ्या बाजूनं. तरी नाही.

आणि मग एका संध्याकाळी ती जिंकली. योगेंद्रनं जिवाच्या आकांतानं खेळून काढलेला डाव होता तो. तिचे मोजकेच प्राण उरले होते, त्याच्या हातात दोन पत्ते. तिनं टाक खेळला, दोन्ही पडले, दोन्ही खल्लास निघाले. मग तिनं दगामामा उतरवला. योगेंद्र गड्डीतून एकेक पान ओढत राहिला, हवं ते आलंच नाही.

“संपलास तू,” ती म्हणाली.

योगेंद्रनं मांडलेली जमीन हातानं विस्कटली. “हे काय खेळणं आहे? माणसाच्या हातात काही राहूच द्यायचं नाही!” आणि तणतणत धाब्यावर निघून गेला.

धनश्री हसायला लागली. हसता हसता तिला पट्ट्याच्या आत दुखलं, तरी थांबेना. भाऊ रागावला होता. खराखुरा रागावला होता. तिच्यावर!

सरलाबाईनं ताटं वाढली. “योगेंद्रले हाक मार.”

तिनं हाक मारली. वरून उत्तर नाही. पुन्हा मारली.

“येवाव नही तो,” सरलाबाई म्हणाली. “घुस्सा व्हयेल शे. राहू दे.”

सरलाबाई पाणी भरायला आत गेली. बाहेर आली तर पलंग रिकामा. धनश्री भिंतीला हात लावत दारापर्यंत पोचली होती. तांब्या छातीशी धरून सरलाबाई तिथंच उभी राहिली. पोरगी उंबरा ओलांडून जिन्यापाशी गेली आणि कठडा धरून वर बघत ओरडली, “भाऊ! आता जेवायला येतोस, की मी वर येऊ?”

योगेंद्र वरच्या पायरीवर आला. तोंड अजून फुगलेलंच होतं. खाली धनश्री आपल्या पायांवर उभी होती, पट्ट्यामुळे ताठ, कपाळावर घाम, एका हातानं कठडा घट्ट धरलेला. त्याला पायऱ्या दिसेनाशा झाल्या.

“तिथंच थांब,” तो कसाबसा म्हणाला. “हलू नको. मी येतो.”

“ये तर मग लवकर,” ती म्हणाली. “पाय लटलटताहेत माझे.”