पनागर रोडवरचं ॲव्हरेज

दिवाळीपासून गुणवंतराव शेंदऱ्यांच्या गाडीचं ॲव्हरेज पडत चाललं होतं आणि आधारतालच्या त्या घरात जेवताना-खाताना तोच एक विषय झाला होता. शरयूताईंचं डायलिसिस हाही विषय होता, पण तो कुणी काढत नसे. त्यापेक्षा पेट्रोलबद्दल बोलणं सोपं.

"पाणी मिसळून राहिले, दुसरं काय," गुणवंतराव म्हणायचे. त्यांनी पंप बदलून पाहिले, फिल्टर बदलला, टायर बदलले. क्लच प्लेट तर वर्षात दुसऱ्यांदा टाकली. गॅरेजवाल्या बंटीची त्यावरून त्यांनी सालटी काढली होती.

"बोनेट उघडून राहिला का नुसता हवा खाऊन राहिला तू? प्लेट लोकल टाकली होती ना मागच्या वेळी?"

"अंकल जी, कसम से कंपनी की है. गाडी एकदम मक्खन है आपकी. आजकल पेट्रोल ही गड़बड़ आ रहा है."

"बघ!" गुणवंतराव लेकीकडे वळले. "मी काय सांगत होतो?"

फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून अवंती नुकतीच घरी आली होती. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं की ॲव्हरेज थोडं घटतं, हे तिला माहीत होतं. पण सतरावरून अकरावर? एवढं सगळं इथेनॉलच्या माथी मारता येत नव्हतं. कुठेतरी काहीतरी अडकत होतं आणि ते काय, हे तिला शोधायचं होतं. आठवड्यातून तीनदा याच गाडीतून बाबा आईला कमानिया गेटच्या गर्दीतून दवाखान्यात नेत होते. उद्या गाडी मध्येच बंद पडली तर?

"नीट मोजू या बाबा," ती म्हणाली. "गावातलं ॲव्हरेज काही खरं नाही. थंड इंजिन, दर चौकात ब्रेक, गेअर वर चढायच्या आत घर येतं."

गुणवंतरावांचे डोळे चमकले. नोकरीभर ते संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात होते. त्यांची सही झाल्याशिवाय तिथून खिळासुद्धा बाहेर पडत नसे. मोजणं हा त्यांचा प्रांत.

"चलो, करू. पण माझ्या पद्धतीनं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं कायम. पंप तोच, नोझल तेच. नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, वरून एक थेंब टाकू द्यायचा नाही. पनागरच्या पुढं सिहोऱ्यापर्यंत जायचं, म्हणजे टाकीत इकडं तिकडं थोडं कमी-जास्त झालं तरी फरक पडणार नाही. येऊन पुन्हा तिथंच टाकी फुल्ल."

"हवा, एसी, वजन, वेळ," अवंतीनं बोटं मोजली.

"सगळं कायम. आणि ड्रायव्हर तर कायमच आहे."

पहिल्या दिवशी गुणवंतरावांनीच गाडी नेली आणि आणली. ॲव्हरेज आलं साडेअकरा. दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी किल्ली अवंतीकडे दिली. "आज तू चालव. मी बाजूला बसून इंजिनचा आवाज ऐकतो. चालवता चालवता नीट ऐकू येत नाही." अख्ख्या रस्त्याभर ते डॅशबोर्डला कान लावून बसले होते. परत येऊन टाकी भरली तर ॲव्हरेज निघालं अठरा.

"आज टँकर बदलला असेल," गुणवंतराव खुशीत म्हणाले. "पाहिलं? चोख माल मिळाला की गाडी कशी पळते!"

अवंतीनं आकडा पुन्हा भागून पाहिला. तोच आला. काल आणि आज यांत काय बदललं होतं ते तिला दिसत होतं, पण बाबांना ते दिसत नव्हतं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या हातचं काम तपासलं, त्यानं स्वतःला मोजमापात धरलंच नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता पुन्हा जाऊ," ती म्हणाली. "हेच पेट्रोल आहे. तुम्ही चालवा."

या खेपेला तिनं रस्त्याकडे पाहिलंच नाही. ती बाबांच्या पायांकडे पाहत होती. डावा पाय क्लचवर होता. गेअर बदलून झाला तरी तो तिथून उठला नाही. विटेसारखा पडून राहिला, अर्धा दाबून. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर एकदम खोल जाई, मग एकदम वर येई. इंजिन ओरडत होतं आणि गाडीला त्या मानानं वेग येत नव्हता. थोड्या वेळानं जळका वास आला.

"पुढच्या ट्रकचा वास," गुणवंतराव म्हणाले.

"बाबा, क्लचवरून पाय काढा."

"काढलेलाच आहे."

ते खोटं बोलत नव्हते. पाय उचलला आहे असंच त्यांना वाटत होतं.

पनागरच्या बाजारापाशी मटाराचं पोतं सायकलवर लादून एक म्हातारा रस्ता ओलांडत होता. गुणवंतरावांनी त्याला लांबूनच पाहिलं. "थांब बाबा, थांब," असं पुटपुटत त्यांनी पाय ब्रेककडे नेलाही. पण तो ब्रेकच्या कडेवर टेकला आणि घसरला. त्यांना वाटलं, दाबला. गाडी चालतच राहिली. अवंतीनं हँडब्रेक ओढला तोवर सायकल आडवी झाली होती आणि मटार डांबरावर पसरले होते. म्हातारा उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला.

"अंधे हो क्या? मार डालते अभी!"

गुणवंतराव तावातावानं खाली उतरले. "बीच रोड में चलोगे तो और क्या होगा? ब्रेक मारा था मैंने!"

माणसं जमली. अवंती हात जोडत मटार गोळा करू लागली आणि खाली वाकल्यावर तिला दिसलं, बाबांच्या उजव्या पायात चप्पल नव्हती. ती गाडीतच राहिली होती. ते कडेच्या टोकदार गिट्टीवर अनवाणी उभे राहून भांडत होते. टाचेखाली बाटलीची काच होती, आणि गिट्टी ओली, लाल झाली होती. त्यांचा चेहरा रागानं फुलला होता. दुखण्याची एक रेघसुद्धा त्यावर नव्हती.

परत येताना गाडी अवंतीनं चालवली. "बीपी वाढलं असेल माझं," म्हणत गुणवंतराव बाजूला बसले. टाकी भरायचं कुणी नाव काढलं नाही.

घरी शरयूताईंनी काही न विचारता जखम धुतली. नवरा अंघोळीला गेल्यावर त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या.

"तुला माहीत होतं, आई?"

"चप्पल पायातून निसटते न् ह्यांना कळत नाही. मागं गरम पाण्यात पाय भाजून घेतला. इतक्या वर्षांची साखर आहे, तिनंच पाय खाल्ले."

"आणि तरी तू दर वेळी त्यांच्या बाजूला बसून जातेस?"

"माझे असे किती दिवस राहिले?" शरयूताई म्हणाल्या. "मला न्यायचं असतं म्हणून ते पहाटे उठतात, दाढी करतात. तेवढंच एक काम उरलंय त्यांना. ते नको काढून घेऊ, बेटा."

"आणि रस्त्यावरच्या माणसाचं काय? आज तो म्हातारा..."

शरयूताईंनी दवाखान्याची पिशवी भरायला घेतली. उद्या पुन्हा डायलिसिस होतं.

गुणवंतराव बाहेर आले तेव्हा अवंतीनं सांगून टाकलं. पेट्रोल तेच, रस्ता तोच, हवा तीच. बदलला तो ड्रायव्हर.

"म्हणजे? माझ्या पायांना काय धाड भरली?"

"तुम्हाला पाय कळत नाहीत, बाबा."

"काहून नाही कळत? चालून राहिलो ना मी तुझ्यासमोर?" ते काही क्षण येरझाऱ्या घालत राहिले. मग दिवाणावर बसले, पाय लांब केले आणि डोळे मिटले. "अच्छा. तपासून घे. झाडूची काडी आण. तू लाव, मी सांगतो कुठं लावली ते."

अवंतीनं अंगठ्याला काडी टोचली. मग तळव्याला. मग घोट्याला.

"लाव ना," गुणवंतराव म्हणाले.

दारात शरयूताई उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, सांगू नकोस. 'अजून लावली नाही', एवढंच अवंतीनं म्हटलं असतं तर पुरलं असतं. मग एकदा गुडघ्याला लावली असती, बाबांनी बरोबर ओळखलं असतं आणि उद्या पहाटे उठून दाढी केली असती.

"लावली बाबा," ती म्हणाली. "तीन ठिकाणी."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "वर सरक," ते हळूच म्हणाले. काडी घोट्यावरून नडगीवर आली, नडगीच्याही वर. "इथं," ते म्हणाले. मग डोळे उघडून त्यांनी काडी कुठं आहे ते पाहिलं आणि तिथून खाली आपल्या पावलापर्यंत पाहत राहिले, दुसऱ्या कुणाची वस्तू पाहावी तसे.

"दुसरा?" अवंतीनं विचारलं.

"राहू दे."

सकाळी गुणवंतराव जागे होते, पण उठले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शरयूताईंनी चहा उशाशी ठेवला, थोडा वेळ थांबल्या आणि गाडीत येऊन बसल्या.

कमानिया गेटपाशी नेहमीची गर्दी होती. ई-रिक्षा, हातगाड्या, सराफ्याकडे वळणारी माणसं. दर पाच पावलांवर थांबून पुन्हा निघावं लागत होतं आणि दर वेळी गाडीला हिसका बसत होता. शरयूताईंनी सुयांनी निळा पडलेला हात छातीशी धरला होता.

"ते चालवायचे," त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "तेव्हा एक धक्का बसत नव्हता."

अर्धा दाबलेला क्लच सगळे धक्के गिळतो आणि स्वतः जळत जातो. अवंतीला ते सांगता आलं असतं. तिनं क्लचवरचा पाय उचलला आणि गाडी पुन्हा हिसका देऊन पुढे निघाली.