आलांच्या मुली

सुचित्राने मुद्दाम सँडविच केली होती. पोहे नेले असते तर चैत्रालीला लगेच कळलं असतं. कतारमधल्या समैस्माच्या किनाऱ्यावरची ही सहल म्हणजे बघण्याचा कार्यक्रम आहे, हे सुट्टीवर आलेल्या मुलीला तिने सांगितलंच नव्हतं. नवऱ्याचं, सुरेशचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि रास लफानच्या गॅस प्रकल्पात ते वाढवणं सबनीस साहेबांच्या हातात होतं. शौनक त्यांचा मुलगा. मुलगा चांगला आहे, असं सुचित्रा स्वतःला बजावत होती.

पण शोभा सबनीसांनी चटईवर बसताच डबा उघडला. आत कांदेपोहे, वर ओलं खोबरं.

चैत्रालीने एकदा आईकडे पाहिलं आणि उठून सगळ्यांना पोहे वाढले.

"फ्रान्सात काय शिकतेस गं?" शोभाताईंनी विचारलं.

"इतिहास, काकू. ब्रिटनीतल्या आलां नावाच्या सरदारावर रिसर्च करतेय. सातेकशे वर्षांपूर्वी तिथे गादीवरून लढाई जुंपली. यानं थोरली मुलगी एका पक्षात दिली, धाकटी दुसऱ्यात. कोणी का जिंकेना, गढी राहिली पाहिजे."

"हुशार होता की," सबनीस हसले.

"राहिली का मग गढी?" शौनकने विचारलं.

"राहिली ना."

"आणि मुली?" सुचित्राच्या तोंडून निघून गेलं.

"त्यांचं फारसं सापडत नाही, आई. धाकटीचं तर नावही नाही. नुसतं 'आलांची मुलगी'."

सुरेश वाळूकडे बघत राहिला.

निघताना चटई झटकताना सुचित्रा हळूच म्हणाली, "बाबांचं कॉन्ट्रॅक्ट..."

"कळलं मला. शौनक ठीक आहे गं. तुम्ही म्हणत असाल तर हो म्हणते."

चिडली असती तर बरं झालं असतं. प्रयोगशाळेत नोकरी करत असताना सुचित्राने कधी एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. आज मात्र स्वतःच्या मुलीपासूनच सगळं लपवलं होतं. तिने चटई तिथेच टाकली आणि सबनीसांच्या गाडीपाशी गेली.

"शोभाताई, चैत्रालीला मी काहीच सांगितलं नव्हतं. फसवून आणलं तिला. आजचं बघणं धरू नका."

"अहो, पण तिला विचारा तरी."

"आत्ता विचारलं तर ती हो म्हणेल. म्हणून नको."

शोभाताईंनी काच वर केली.

परतताना गाडीत सुरेशने विचारलं, "काय बोललीस त्यांना?"

तिने शब्दन् शब्द सांगितला. "म्हणजे कॉन्ट्रॅक्टचं आता काही खरं नाही," सुरेश म्हणाला. सांगून टाकल्यावर मोकळं वाटेल, असं तिला वाटलं होतं. आता मात्र त्याच्याकडे बघवेना.