टाकलेल्या पेशी

थोरली प्रयोगशाळेत पेशी वाढवायची. मूळपेशींपासून मेंदूच्या पेशी तयार करायच्या आणि पार्किन्सनच्या रोग्याच्या मेंदूत सोडायच्या, असा तो प्रयोग होता. पेशींना सुट्टी कळत नाही. रविवारीही ती पांढरा झगा चढवून त्यांचं पोषणद्रव्य बदलायला हजर असे.

घरी वडील आणि धाकटी बहीण होती. चाळीस वर्षं वडिलांनी पुस्तकं बांधली होती, आता शर्टाचं बटण लागत नव्हतं. त्यांनाही पार्किन्सनच. पण प्रयोगात सत्तरीच्या आतलेच रोगी घेत, आणि ते चौऱ्याहत्तरचे. “पिकतं तिथे विकत नाही,” म्हणून ते हसायचे. आजाराने हसू चेहऱ्यावर उमटत नसे, डोळ्यांवरून ओळखावं लागे.

त्या खेपेच्या पेशी चित्रकलेच्या एका शिक्षिकेसाठी होत्या. गुरुवारी शस्त्रक्रिया, बाई दवाखान्यात दाखलही झाल्या होत्या. तपासणीचे आकडे मर्यादेत आले होते, फक्त प्रमुखांची सही बाकी होती. सवयीने थोरलीने पेशींची शेवटची बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि कडेला एक पुंजका दिसला. आजूबाजूच्या पेशींना बारीक शेपट्या फुटलेल्या, हा मात्र गोल, दाटीवाटीने वाढणारा. न बदललेल्या मूळपेशी. नमुना दुसऱ्या बाजूचा घेतल्यामुळे आकड्यांत त्या आल्याच नव्हत्या. मेंदूत गेल्या असत्या तर गाठ होऊ शकली असती. होईलच असंही नव्हतं.

तिने बशी झाकली. मग प्रमुखांना बोलावून आणलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि सगळी खेप रद्द केली. बाईंना सांगायला तिलाही सोबत नेलं. चांगल्या तेवढ्या निवडून घेता येणार नाहीत का, असं बाईंच्या यजमानांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते पिशवी भरायला लागले.

संध्याकाळी वडिलांना भरवताना तिने हे सांगितलं. त्यांनी घास गिळला.

“टाकणार कधी?”

“उद्या सकाळी.”

“मग मला दे.”

थट्टा असेल म्हणून तिने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. तिथे हसू नव्हतं.

“बाबा, डोक्यात गाठ होईल.”

“किती वर्षांनी?”

“ते नाही सांगता येत.”

“मला तेवढी वर्षं आहेत कुठे? टाकायच्याच आहेत, तर बापाला दिल्यानं कुणाचं काय जातंय?”

“मी नाही देऊ शकत.”

त्यांनी भिंतीकडे कूस वळवायला घेतली. वळायला फार वेळ लागला. मदतीला हात पुढे झाला होता, तो तिने मागे घेतला.

सकाळी दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं, पण बशांमध्ये पेशी मारायचं औषध तिने स्वतः ओतलं. पेशी सुटून तरंगायला लागल्या, तशा पिशवीत बांधून वाफेच्या यंत्रात टाकल्या आणि वहीत नोंद केली.

दोन दिवस वडील धाकटीच्या हातून जेवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी थोरलीला दाढी करून द्यायला हाक मारली.

पाच महिन्यांनी नवी खेप चांगली निघाली आणि बाईंची शस्त्रक्रिया झाली. जादू काही झाली नाही. वर्षाने बाई आपल्या आपण उठून बसायला लागल्या, गोळ्या थोड्या कमी झाल्या. हात थरथरायचा थांबला नाही, पण कमी थरथरायचा. हे टिकेल का, ते डॉक्टरही सांगू शकत नव्हते.

वडिलांचा आवाज एव्हाना पार खोल गेला होता. थोरली कान जवळ नेऊन ऐके.

“चित्रं काढतात का त्या?”

“रेघ वाकडी येते म्हणाल्या. पण काढतात.”

त्यांनी तिच्याकडे मान वळवली.

“त्या दिवशी मी तुला नको ते मागितलं.”

“मीही मागितलं असतं, बाबा.”

तिने चमचा पुढे केला. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवले, आणि तिने तोंड पुसेपर्यंत त्यांचा डोळा लागला.