चित्रामागचे मालक

चित्र आमच्या घरी आलं तेव्हा त्याचे आधीचे चारही मालक त्याच्या मागे रांगेने उभे होते, त्यामुळे ते भिंतीला नीट टेकेना. शेवटी आमच्या ह्यांनी वीतभर लांब खिळा आणला.

चित्र विलायतेचं. आयरिस थॉर्नबी नावाच्या बाईंनी १९३२ साली काढलेलं. राखाडी समुद्र आणि त्यावर तीन पांढऱ्या होड्या, चक्क चौकोनी. आम्ही रत्नागिरीची माणसं. असली होडी पाण्यात घातली तर बुडेल, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. पण ह्यांचा त्या चित्रावर फार जीव. ह्यांचे मित्र वकील दिवेचा जाताना ते ह्यांना देऊन गेले. गेले म्हणजे कुठे, तर रांगेत शेवटी उभे राहिले.

केर काढताना मी चौकट जरा पुढे ओढून मागेही झाडू फिरवायची. पहिल्या मालकीण मिस हार्डकॅसल तेवढ्या पाय उचलायच्या. पुढचे तिघे पुरुष. ते कशाला उचलतील?

"प्रदर्शनं सगळी माझी तोंडपाठ आहेत," मिस हार्डकॅसल एकदा म्हणाल्या. "लीड्सला गर्दी. व्हेनिसला भिंतीला ओल. मुंबईला पंखेच बंद. लोक चित्र बघून घरी जातात, उभं आम्ही राहायचं."

"मग निघून का नाही जात?"

"पाळण्यातलं नाव घेऊन कुणी हाक मारली की सुटका होते. माझं नाव घेणारं आता कुणी उरलं नाही."

"मी घेते की. काय नाव तुमचं?"

त्यांनी तोंड उघडलं. "ओ," त्या म्हणाल्या. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा "ओ"च आली. मला फार वाईट वाटलं. मी तिथला केर जरा हळू काढला.

मग एका सकाळी कर्णिक आले. लंडनच्या कुठल्याशा मोठ्या प्रदर्शनासाठी चित्र न्यायला मुंबईहून आलेला सभ्य माणूस. लाकडी खोकं ओसरीवर ठेवून त्यांनी विचारलं, "काकू, मालक कोण?"

हे आत दाढी करत होते. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही. मी म्हटलं, "मालक आत आहेत."

"बरं," कर्णिक म्हणाले.

न्हाणीघरातला नळ वाहतच राहिला. मी जाऊन पाहिलं तर ब्रश होता, पाण्याचा मग होता, आरशावर वाफ होती, हे नव्हते. बाहेर येऊन चित्रामागे डोकावले. दिवेचांच्या पाठीला नाक लावून हे उभे होते, अर्ध्या गालाला साबण.

"अहो!" मी ओरडले.

"ओ," चौघा पुरुषांनी एकदम ओ दिली.

"प्रदर्शन दोन वर्षांचं आहे," कर्णिक म्हणाले. "लंडन, लीड्स, मग कार्डिफ." त्यांनी चित्र खिळ्यावरून उतरवून खोक्यात उभं केलं. पाचही जण सवयीने आत सरकले. ह्यांना सवय नव्हती, त्यांचं डोकं आपटलं.

माणूस अर्धी दाढी राहिलेली असताना दोन वर्षांसाठी कसा जाईल? नाव घ्यायला हवं होतं. ते मी जन्मात उखाण्याशिवाय घेतलेलं नाही, आणि सरळ घ्यायला गेले की जीभ टाळूला चिकटते. मग उभ्या उभ्या जुळवलं:

"विलायती समुद्रात पांढऱ्या होड्या तीन,
दिगंबररावांनी केलेला चहा रोज सकाळी पिईन."

दिगंबरराव बाहेर आले. साबण वाळला होता. मला रडू आलं, ते मी पदराला पुसलं. त्यांना चहाचं ऐकून बरं वाटलेलं दिसलं.

"छान झालं," कर्णिक मनापासून म्हणाले. "पण रांगेत जागा रिकामी राहिली की चित्र वाकतं. मग मालक कोण म्हणायचं?"

वीजमीटरवाला येवो की पोस्टमन, दिगंबररावांचं उत्तर ठरलेलं असतं. गाल पुसत हसून ते म्हणाले, "अहो, इथलं सगळं मालकीणबाईंचं. मी कोण?"

दिवेचांच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. चित्रामागे आहे बरीच जागा, फक्त कोपर हलवता येत नाही.

"सुनेत्रा!" दिगंबररावांनी हाक मारली. "अगं सुनेत्रा!"

मी ओ दिली. काहीच हललं नाही. सुनेत्रा हे नाव लग्नात त्यांनीच ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं होतं.

"ते चालणार नाही," पुढून मिस हार्डकॅसल म्हणाल्या. "पाळण्यातलं हवं."

माझ्या माहेरचं आता कुणी नाही, विचारणार कुणाला? कर्णिकांनी झाकण बसवून पहिला स्क्रू पिळला.

"थांबा हो," दिगंबरराव म्हणाले. "आठवतो. पत्रिकेत वाचलं होतं मी." प्राथमिक शाळेत जन्मभर मुळाक्षरं शिकवलेला माणूस. त्यांनी 'क'पासून सुरुवात केली. "कमल? कुसुम? खमा? गिरिजा?"

माझं नाव 'ब'वरून आहे. मी 'ब' म्हणायला गेले, तोंडातून "ओ" आली.

"कुठलं? गिरिजा?"

"ओ," मी म्हटलं.

"नाही, गिरिजा नसावं." ते पुढे निघाले. चंपा, छाया, जाई. मी प्रत्येक नावाला कान देत होते. दुसरा स्क्रू बसला. ताई, दुर्गा, धोंडी, नर्मदा. तिसरा बसला. "पार्वती? पुष्पा?" त्यांचा आवाज अगदी फळीजवळ आला होता.

मग ते 'फ'वर अडले. 'फ'वरून बाईचं नाव त्यांना सुचेना, आणि एकदा घेतलेलं अक्षर अर्धवट सोडून पुढे जायची मास्तरांना सवय नाही.

"फ," ते म्हणाले. "फ... फ..."

कर्णिकांनी चौथा स्क्रू हातात घेतला.