एलिहिओची बारा ठिपक्यांची सोंगटी

मी एक सोंगटी बोलतेय. डॉमिनोच्या अठ्ठावीस सोंगट्यांमधली सगळ्यात वजनदार. दोन्ही अर्ध्या भागांवर सहा-सहा, असे बारा ठिपके. बोलायला बसले खरी, पण जे सांगायचंय ते मला स्वतःलाच अजून नीट उमगलेलं नाही. तुम्हाला उमगलं तर बरं.

बानी गावच्या एलिहिओ सुतारानं मला घडवलं, दाराच्या चौकटीतून उरलेल्या ग्वायाकानच्या लाकडातून. हे लाकूड पाण्यात दगडासारखं बुडतं. तेव्हापासून चाळीस वर्षं रोज दुपारी त्याच्या घरासमोरच्या बदामाखाली टेबल लागायचं. एलिहिओ आणि त्याचा मेहुणा नेरेओ हे भिडू. त्यांच्याविरुद्ध कुंदो न्हावी आणि तोरिबियो मास्तर.

खेळ साधा आहे. चौघांना सात-सात सोंगट्या वाटायच्या. मांडलेल्या रांगेच्या टोकाला जो आकडा असेल, तोच जुळवायचा. हातात नसेल तर 'पास' म्हणायचं. ज्याच्या सोंगट्या आधी संपतील तो जिंकला. मी हातात अडकले तर बारा गुणांचा फटका, म्हणून जो तो मला आधी घालवायला बघायचा. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट टेबलावर दाणकन आपटली जायची ती मीच.

"घे कुंदो, हिची हजामत कर."

"तू आधी ही खुर्ची दुरुस्त कर. म्हणे सुतार."

असं चालायचं.

मागच्या वर्षी एलिहिओला राजधानीतल्या इस्पितळात नेऊन आणलं. परतल्यावर त्याची बायको दिग्ना स्वयंपाकघरात नेरेओशी हळू आवाजात बोलत होती. आमची पेटी तिथेच टेबलावर होती.

"पोटातला कॅन्सर यकृतापर्यंत पोचलाय म्हणतात. त्याला सांगायचं नाही. सूज आहे म्हणायचं. आणि नेरेओ, त्याला हरवू नका रे. तेवढं तरी करा."

कॅन्सर कुठून निघाला, कुठे पोचला, मला कळलं नाही. पण 'हरवू नका' हे त्याहून कळलं नाही. सोंगटीला एवढंच ठाऊक असतं, जुळतं की जुळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मला अंडं ठेवावं तसं अलगद ठेवायला लागले. टोमणे बंद झाले. एलिहिओ रोज जिंकायचा. त्याचा शर्ट अंगावर लोंबायला लागला, मान बारीक झाली, तरी जिंकायचा. "वा, काय खेळलास," कुंदो म्हणायचा. चाळीस वर्षांत कुंदोच्या तोंडून मी 'वा' ऐकलं नव्हतं. आणि जिंकून एलिहिओ खूश व्हायचा म्हणाल, तर तो जास्तच चिडका झाला होता.

एका दुपारी त्यानं सहाची एक सोंगटी टाकून रांगेची दोन्ही टोकं सहावर आणली. मी तेव्हा कुंदोच्या हातात होते. मी तर जुळणारच होते.

"पास," कुंदो म्हणाला.

"पास," नेरेओ म्हणाला.

"पास," तोरिबियो मास्तर म्हणाले.

एलिहिओनं हातातल्या सोंगट्या पालथ्या ठेवल्या. "सहाच्या सोंगट्या सात असतात. त्यातल्या सहा समोर मांडल्यात. सातवी मीच घडवलीय. तिला पंख लावल्याचं मला आठवत नाही."

कुंदोच्या घामानं मी भिजले.

"जिंकायला चाळीस वर्षं लबाडी केलीस लेका, ती मी चालवून घेतली. हरायला लबाडी कधीपासून करायला लागलास?"

दिग्ना भोपळ्याचं सूप घेऊन येत होती, ती तिथेच थांबली. "मी सांगितलं त्यांना."

"वाटलंच. तूसुद्धा तशीच वागतेस. आधी म्हणायचीस, मीठ हवं तर उठून घे. आता नुसता खोकलो तरी नवी वाटी येते."

"तुला बरं वाटावं म्हणून..."

"सुजेवर कुणी मॉर्फीन देत नाही, दिग्ना. पोट माझं आहे. जायचंय ते मला माहीत आहे. पण अजून मी इथं बसलोय ना? तुम्ही मला आधीच उठवलंत."

दिग्ना सूप टेबलावर ठेवून पायरीवर बसली. मग ती कुंदोला म्हणाली, "टाक ती सोंगटी. आणि यापुढे दया दाखवलीस तर माझ्या घरची कॉफी बंद."

कुंदोनं मला असं आपटलं की सूप सांडलं. त्या दिवशी एलिहिओ आणि नेरेओ सपाटून हरले.

"दाजी, चूक तुमचीच," नेरेओ म्हणाला.

"तुझ्यासारखा भिडू असल्यावर शत्रू कशाला हवेत," म्हणत एलिहिओ हसला, खोकला, वाकून ओकला. दिग्नानं तसराळं धरलं. तोंड पुसून तो म्हणाला, "पुढचा डाव वाटा."

पुढे त्याच्या हातात सात सोंगट्या राहीनात. मग दिग्ना शेजारी बसून त्याच्या सोंगट्या धरायची. तो हनुवटीनं दाखवायचा.

"ती नाही, तिच्या शेजारची. एवढा संसार केलास आणि पाच ओळखता येईना?"

"दाढी किती वाढलीय बघ. हनुवटी कुठे बघते तेच कळत नाही."

मग टेबल खाटेजवळ गेलं. शेवटचे तीन दिवस कुणी पेटी उघडलीच नाही.

एलिहिओ गेल्यावरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या तेव्हा दिग्नानं मला एकटीला पेटीतून काढून एप्रनच्या खिशात घातलं. अजून मी तिथेच आहे. ती भांडी घासते, मध्येच ओल्या हातानं मला चाचपते आणि पुन्हा घासायला लागते. असं का करते, मला कळत नाही.

ते तिघं अजून दुपारी येतात. पेटी उघडतात, सत्तावीस सोंगट्या मोजतात, तिला काही विचारत नाहीत. कॉफी पितात आणि जातात.

दिग्ना, मला ठेवून घेतल्यानं तुझं काय राहतं ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नसेल. ठेव हवं तर. पण आज ते आले की मला खिशात घेऊनच बाहेर ये आणि नेरेओसमोरची, एलिहिओची खुर्ची ओढ. तुला खेळ धड येत नाही. ते तुला हरवतील, आणि चुकलीस तर चांगलं सुनावतीलही. हरवू दे त्यांना.