ठमाबाईचा आवाज

रेल्वेच्या चाळीत ठमाबाई भांडखोर ठरली होती, आणि ती ठरायला एक वर्षही लागलं नव्हतं.

मूल गावाच्या अलीकडचं, छोट्या लाइनवरचं जंगलातलं ते स्टेशन. दिवसाकाठी मोजक्या गाड्या यायच्या. बाकी वेळ सागाची पानं वाजायची, तेवढाच आवाज. अशा ठिकाणी बाईनं आपल्या घरात "चहा घेता का?" असं ओरडून विचारलं, तर ते सिग्नलपर्यंत ऐकू जाणारच.

"झाली सुरू!" शेजारची रुखमा म्हणायची. "बिचारा लटारूभाऊ! एका शब्दानं उलटून बोलत नाई."

लटारू उलटून बोलत नव्हता, कारण त्याला धड ऐकूच येत नव्हतं. हे फक्त ठमाबाईला ठाऊक होतं.

लटारू मेश्राम रेल्वेत चावीवाला होता. रुळाला खालच्या आडव्या स्लीपरशी घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या की ठोकून बसवायच्या, हे त्याचं काम. खांद्यावर हातोडा, काखेत गुंडाळलेल्या झेंड्या, आणि आपल्या हद्दीतली लाइन रोज पायी. घट्ट चावी हातोड्याखाली खणकन बोलायची, ढिली बद्द वाजायची. उभा जन्म त्यानं तो खणखणाट ऐकला आणि त्या खणखणाटानंच हळूहळू त्याचे कान नेले. आता ढिली चावी त्याला मनगटाला कळायची. पण पाठीमागून येणारी गाडी मनगटाला कशी कळावी?

म्हणून ठमाबाई त्याच्या मागे जायची. कमरेला टोपली. कोणी विचारलं तर हिवाळ्यात सरपण, उन्हाळ्यात मोहफुलं, मग टेंभराची फळं. टोपली कधी भरायची, कधी नाही. तिचं लक्ष टोपलीत नसायचंच. ती ऐकत चालायची. दूर शिट्टी वाजली की पुढे होऊन लटारूची बाही ओढायची. दोघं खाली उतरून उभे राहायचे, गाडी निघून जायची, आणि लटारू गार्डाला हिरवी झेंडी अशा ऐटीत दाखवायचा, की जणू गाडी आधी त्यालाच ऐकू आली!

"दवाखान्यात दाखवा ना एकडाव," ती म्हणायची.

"म्हंजे सिक मारू?" लटारू भडकायचा. "मी? लटारू मेश्राम?"

रुळांची देखभाल करणाऱ्या त्या गँगमध्ये कोणी आजारी पडत नसे. तिथं जो तो 'सिक मारत' असे. हाड मोडो की हिवताप भरो, शब्द एकच, जणू आजार म्हणजे कामचुकारपणाच. सिक मारली! रेल्वेच्या डॉक्टरकडून परत आलेल्या माणसाचं मुकादम नथ्थूजी स्वागत करायचा, "या जावईबापू! कशी काय सासुरवाडी? वरणात तूप होतं का?" आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायचा तो लटारूच. "आपन नाई बा कधी मारली," हे तो छाती पुढे काढून सांगायचा. आता ती छाती मागे कशी घ्यायची, हे त्याला समजत नव्हतं. शिवाय भीती होतीच. डॉक्टरनं नापास केलं तर नोकरी जाईल, चाळीतली खोली जाईल.

वैशाखातल्या एका सकाळी ठमाबाईच्या पायात काटा मोडला. ती रुळाच्या कडेला बसली. लटारू आपल्या नादात पुढे वळणावर गेला आणि ओणवा होऊन चावी ठोकू लागला.

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. ही नेहमीच्या गाडीची वेळ नव्हती! गिट्टीची, म्हणजे रुळाखालच्या खडीची गाडी होती, आणि ती मागून येत होती.

"अजी! अजी, उतरा!"

लटारूचा हातोडा चालूच. ती लंगडत धावली. पाय साथ देईना, अंतर सरेना. इंजिनाची शिट्टी आता सारखी वाजत होती; झाडांवरचे पक्षी उडाले, वानरं ओरडली, जंगलातल्या साऱ्या जिवांना गाडी ऐकू आली. ज्याला ऐकू यायला हवी होती तो मात्र चावी ठोकत होता!

ठमाबाईनं खाली वाकून गिट्टीचा दगड उचलला आणि नवऱ्यावर भिरकावला. तो चुकला. दुसरा सणसणत जाऊन त्याच्या पाठीत बसला.

"मारतं का वो मले?" म्हणत लटारू वळला, आणि त्याला इंजिन दिसलं.

गाडी निघून गेली तेव्हा तो उताराखाली निवडुंगाजवळ पडला होता. ठमाबाई त्याच्याजवळ बसली. तिनं ज्या हातानं दगड मारला होता, तो हात त्याच्या पाठीवरून फिरत होता.

दुपारी ती हळद मागायला सत्यशीलाकडे गेली. सत्यशीला स्टेशनवर पाणी पाजायची. तिचा नवरा गँगमध्ये होता. तो वारल्यावर रेल्वेनं तिला ही नोकरी दिली होती.

"कोनाले लागलं?"

"यायले. पडले."

"पाठीवर पडून अन् एकाच जागी गोल डाग? मंगा पान्याले आल्ते, तवा फाटल्या सदऱ्यातून दिसला." सत्यशीलानं हळदीची वाटी हातातच ठेवली. "खरं सांग वो, बाई."

ठमाबाईला रडू फुटलं. वर्षभर ओरडून ओरडून घसा बसलेली ती बाई अगदी हळू आवाजात सगळं बोलली.

"अन् कोनी सिक मारली म्हनलं, तं ते जीव देतीन," तिनं शेवटी सांगितलं.

"माझ्या मानसाले कोनी नाई म्हनलं," सत्यशीला म्हणाली. "अंगात ताप घेऊन फावडं चालवत राह्यला. सारे म्हने, वाघ हाये! हिवताप मेंदूत गेला तवा दवाखान्यात नेला. मंग माझ्या हातात ही बालटी आली. रेल्वेनं माझं चांगलंच केलं, मी नाई म्हनत नाई. पन कायद्यात मानूस मेल्यावरचं हाये, तसं जित्तेपनीचंबी हाये ना! रजा हाये, इलाज हाये. ते सोडून आपन मरनाची वाट काऊन पाहाची?"

"नोकरी गेली तं?"

"भाऊ कायम नोकरीत हायेत. लाइनवरून काढलं तं दुसरं काम पाह्यतात, तवरिक रजा देतात. नाईच निघालं काम, तं पेन्शन हाये. गोड बोलून तुले फसवत नाई मी. पैसा थोडा कमी भेटन. मानूस पुरा भेटन."

"पन असं फुकटचं खाचं..."

"फुकटचं?" सत्यशीलाचा आवाज चढला. "रेल्वेचं लोखंड ठोकू ठोकू कान गेले त्यायचे! भीक हाये का ते? अन् तू काय करून राह्यली? त्यायचे कान झाली. उद्या तुले ताप आला तं? तू त्यायले वाचवत नाई, ठमाबाई. तू त्यायले रोज लाइनवर नेऊन सोडतं!"

ठमाबाई हळद घेऊन घरी आली. तिनं नवऱ्याच्या पाठीला लेप लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लटारूनं हातोडा उचलला. ती उंबऱ्यावर बसून राहिली. टोपली खुंटीलाच होती.

"चाल ना."

तिनं नाही म्हणून मान हलवली. ओरडली नाही. दगड भिरकावलेला हात फक्त वर करून त्याला दाखवला, रोज हाच उचलायचा का, असं विचारल्यासारखा.

लटारू एकटाच निघाला. लाइनपर्यंत गेला, एक पाय स्लीपरवर ठेवला आणि मागे पाहिलं. पुढे जंगल, मागे जंगल, आणि दोन्हीकडे सारं मुकं. कोणत्या बाजूनं काय येईल? त्याचा दुसरा पाय उचलेना. वर्षभर आपण कोणाच्या भरवशावर चालत होतो, ते त्याला त्या एका पावलात कळलं!

तो परत आला आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला.

"ठमे," तो म्हणाला, "मले भेव लागते वो."

तिनं त्याच्या हातातला हातोडा काढून भिंतीशी ठेवला.

दोघं स्टेशनवर गेले. गँग तिथंच जमली होती. दवाखान्याची चिठ्ठी मागताच नथ्थूजीचे डोळे चमकले.

"काय गा, लटारू! शेवटी तूबी सिक मारली का?"

पोरं हसली. सत्यशीलाची बालटी नळाखाली थांबली. ठमाबाईनं पदर घट्ट धरला.

लटारूनं हसणारी तोंडं पाहिली. मग आख्ख्या स्टेशनाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"मुकादम, जोरानं बोला! मले आयकू येत नाई!"

हसू जागच्या जागी थांबलं. नथ्थूजीनं तोंड उघडलं. तीच थट्टा आता ओरडून करायची होती, त्या माणसाच्या तोंडावर, त्याच्या बायकोसमोर. ती त्याच्या घशाबाहेर निघेना.

"तब्येत..." त्यानं आवाज चढवला, "तब्येत बरी नाई का, लटारूभाऊ?"

"नाई!" लटारू म्हणाला. "बरी नाई!"

नथ्थूजीनं चिठ्ठीची तजवीज केली आणि गाडीत बसवायलाही तोच आला.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. एक कान गेलेला होता, दुसऱ्यात थोडी धुगधुगी होती. त्याला ऐकायचं यंत्र मिळालं. रजेचे काही महिने काळजीचे गेले. मग अवजारांच्या कोठीवर काम निघालं. पगार थोडा उतरला. खोली राहिली. पुढं गँगमधल्या बुधूला काविळीनं धरलं तेव्हा कुणीतरी सवयीनं म्हटलं, "सिक मारली." नथ्थूजी त्याच्यावर खेकसला, "पडला म्हन! मानूस सिक पडते!"

वाचकहो, आजार लपवणं ही मर्दुमकी नव्हे, आणि आजारपणाची रजा, इलाज, म्हातारपणीची पेन्शन हे दान नव्हे. ज्यानं आपलं अंग कामात झिजवलं, त्याचा तो हक्क आहे. आपल्या एका थट्टेपायी कोणी तो हक्क मागायला लाजत असेल, तर आधी ती थट्टा थांबवली पाहिजे. कारण ती ऐकून गप्प राहणारा माणूस उद्या कदाचित रुळावर उभा असेल!

हल्ली लटारू संध्याकाळी बायकोसमोर बसून चहा घेतो. तो तिच्या ओठांकडे बघत असतो आणि ती सावकाश बोलते.

"आजकाल तुमच्या घरातून काईच आयकू येत नाई वो," परवा रुखमा म्हणाली.

ठमाबाई हसली. "ज्याले आयकाचं हाये, त्याले येते."