कोपीची जागा

बुटाच्या तळव्याच्या खाचेत अडकलेलं ढेकूळ बोराएवढं होतं, आणि लाल. केशरबाईनं खुरप्याच्या टोकानं ते उचकटलं तेव्हा ते अंगणातल्या काळ्या मातीवर पडलं आणि तसंच राहिलं – परकं, पण अवघडलेलं नाही... तिची लेक सत्यशीला दारात चहाचा पेला धरून त्याच्याकडे बघत राहिली. पोर्तुगालच्या दक्षिणेकडची माती, ऑगस्टमधली. दोन विमानं, मुंबईहून पाथर्डीपर्यंतची एसटी – एवढ्या प्रवासात ती न विचारता बरोबर आली होती.

"तिकडं समदी माती आशीच?" आईनं विचारलं.

"काही ठिकाणी."

"आन् ती उकरायला शिकिवत्यात तुला." हा प्रश्न नव्हता. आईनं दुसरा बूट हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "आज कोल्हारला जाऊ. भगवतीला."

कोल्हार. तिथली ऊसतोड सोडून दहा वर्षं झाली होती, बाप जाऊन तीन. आणि या काळात आईच्या तोंडून त्या गावाचं नाव एकदाही निघालं नव्हतं. सत्यशीलानं कारण विचारलं नाही. आईला कारण विचारलं की ती गप्प होते आणि मग दिवसभर गप्पच राहते.

नगरच्या स्टँडवर गाडी बदलली. खिडकीबाहेर ऊस सुरू झाला, आणि उसाच्या आत, डोळे अर्धवट मिटले की, दुसरंच माळरान – बुचाची बुटकी झाडं, वितळल्यासारखं ऊन, आणि गुडघ्यांवर बसून जमीन खरवडणारी नऊ जणं. तेरेझा, त्यांना उत्खनन शिकवणारी बाई, सांगायची: खांब कुजतो, जातो, पण रोवलेला होता तिथली माती रंग बदलून राहते. वाटीएवढा डाग. असे बारा डाग गोलात सापडले की समजायचं, इथे झोपडी होती... बारावा डाग सत्यशीलाला सापडला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेरेझा म्हणाली, ही हंगामापुरती येणारी माणसं, घर नसलेली. घर होतं की – ती मनात म्हणाली – दर वर्षी नवं बांधायचे, एवढंच. थापीनं डागाच्या कडा साफ करत राहिली, फार वेळ, गरजेपेक्षा जास्त.

तिकडे सगळ्यांना तिचं कौतुक. एका पाठपिशवीत संसार, सहा खाटांच्या खोलीत मुक्काम, सुट्टी लागली की स्वस्तातली बस धरून नवं शहर. भीती नाही वाटत तुला? कशाची वाटणार? आवराआवर ती चालायला लागली तेव्हाच शिकली होती. पातेलं, ताडपत्री, कोंबडी. गाडी निघताना मागे वळून बघायचं नाही, कारण मागे आपलं काही राहिलेलं नसतं – हे कुणी शिकवलं होतं, बापानं? की तिनं स्वतःच...

आणि एकदा वर्गात, पडद्यावर, प्रवरा. ते नाव तेरेझाच्या तोंडून इतकं वेडंवाकडं आलं की आधी ओळखू आलं नाही. तीन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठची माणसं आपली मेलेली तान्ही मुलं दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तुझ्याकडचं ना हे? हो, ती म्हणाली होती, आणि तिला वाटलं होतं, किती विचित्र. वरती स्वयंपाक, झोप, भांडणं, आणि खाली...

देवळात आई पाच मिनिटंही थांबली नाही. ओटी भरली आणि चालू लागली, प्रवरेकडे नाही, उलट्या अंगाला, रस्त्याच्या कडेनं, विचारल्याशिवाय वळणं घेत. आणि जनावरांसाठी लावलेल्या घासाच्या एका हिरव्या तुकड्यापाशी येऊन एकदम थबकली, जशी माणसं भलत्याच घरात शिरल्यावर थबकतात.

"बाभळ हुती हितं," ती म्हणाली. "हीर हुती."

शेताचे मालक काकासाहेब मोटर बंद करून आले. म्हातारे झाले होते. त्यांनी केशरबाईला ओळखलं आणि तिचा नवरा बिभीषण गेल्याचं ऐकून जरा वेळ टोपी हातात धरून उभे राहिले. विहीर बुजवली, म्हणाले, निम्मी जागा रस्त्यात गेली, उरलेल्यात रोटाव्हेटर फिरवला. ऊसतोडीच्या टोळ्या आता कारखान्याजवळ उतरतात. "त्या बांधाकडची पट्टी तेवढी पडीक हाय. पार पहिल्यापासनं."

"जरा बसते मी तिथं," आई म्हणाली.

"बसा की. इचारायचं काय त्यात."

ते गेल्यावर आईनं पिशवीतून रुमालात गुंडाळलेली थापी काढली. सत्यशीलाची. सकाळी सॅकमधून कधी घेतली कोण जाणे.

"तुला जमिनीतलं कळतं ना. आपली पाचटाची कोपी कुठं हुती तेवढं हुडकून दे."

"कशाला, आई?"

आई बांधाकडे बघत होती. "तुझा भाऊ हाय हितं."

भाऊ झाला होता आणि जगला नाही, एवढं तिला माहीत होतं. घरात जुन्या दुखण्याबद्दल बोलावं तसं, ओझरतं. ती तेव्हा पाच वर्षांची होती. कुठे ठेवलं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि आता तिच्या लक्षात आलं की हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल ती पहिल्यांदा हेच विचारते.

ती गुडघ्यांवर बसली. गवत काढलं, वरची भुसभुशीत माती ओढून घेतली. काळ्या मातीत काळा डाग दिसणार नाही, राखाडी दिसेल, तिनं स्वतःला बजावलं. ऊन माथ्यावर आलं, कलायला लागलं. मग एक दिसला: मुठीएवढा, गोल, राखेच्या रंगाचा. हातभर पलीकडे दुसरा.

"आई, हे कुणाच्याही कोपीचे असतील. किती टोळ्या उतरल्या असतील इथे. उंदराचं बीळही असेल. मला नक्की नाही सांगता येणार."

"म्हंजी आपली बी आसंल."

"असेलही."

आई उठली. पदर खोचून ती त्या दोन डागांच्या मधून, दारातून शिरावं तशी वाकून आत गेली आणि उजवीकडे वळून खाली बसली. तळहात जमिनीवर ठेवला.

"चौथ्या दिशी गेलं. बाहीर ठिवलं आसतं तर कुत्र्यांनी ऱ्हाऊ दिलं नसतं. तुझ्या बापानं कोपीतच खांदलं, चुलीच्या मागं. सकाळी फडात गेलो. दोन महिने ऱ्हायलो मग तिथंच."

दोन महिने. चुलीमागची जागा सत्यशीलाला आठवत होती; तिचं अंथरूण तिकडेच असायचं, आणि आईचा हात तिच्या अंगावरून पलीकडे जाऊन भुईवर पडलेला असायचा. तो हात तिला जड व्हायचा. तिला वाटायचं, आई आपल्याला धरून झोपते.

"पुढे उकरू का?" तिनं विचारलं. आवाज वर्गातल्यासारखा आला, नीट, कोरडा, आणि त्याची तिला लाज वाटली.

आईनं तिच्याकडे पाहिलं. खूप दमलेली दिसत होती, पण गाडीत होती तशी आवळलेली नाही. "तुला वाटंल तसं कर," ती म्हणाली आणि काकासाहेबांनी पाठवलेलं पाणी प्यायला बांधावर जाऊन बसली.

सत्यशीला दोन डागांच्या आत गुडघ्यांवर. वीतभर खाली गेलं तर कळेल. किंवा काहीच नसेल, आणि तेही कळेल... परतीचं तिकीट अकरा तारखेचं होतं. कुठली तू, असं तिकडे कुणी विचारलं की मी नकाशावर बोट फिरवत राहायचे, कुठेच टेकवायचे नाही, आणि लोक हसायचे, मीही हसायचे. आम्ही सगळीकडून निघून जाणारी माणसं, मागे काही न ठेवणारी – असं मी धरून चालले होते. आणि एकोणीस हंगाम आमच्यातलं एक जण इथे थांबून होतं. गाडी भरली, बैल जुंपले, पाचट पेटवून दिलं, तरी थांबलंच होतं, चार दिवसांचं.

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला. तिच्या आत मात्र कुठलीशी फार जुनी घाई हळूहळू खाली बसत चालली होती, गढूळ पाणी निवळावं तशी. उकरायचं की झाकायचं हे अजून ठरलं नव्हतं, आणि या क्षणी तिला कुठेही पोचायचं नव्हतं.